२००४चा पाकिस्तान दौरा : ३०९ आणि १९४ च्या पलीकडचं

स्क्वेअरलेग

मार्च-एप्रिल २००४. गांगुलीचा संघ पाकिस्तानात गेला, वनडे मालिका ३-२ ने जिंकला, कसोटी मालिका २-१ ने जिंकला. पाकिस्तानात कसोटी मालिका जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि आजही एकमेव. एवढी मोठी कामगिरी, पण कुठेही विषय काढा, पाच मिनिटांत गाडी मुलतानला येते. सेहवागचे ३०९, मग सचिन १९४ वर असताना द्रविडने (गांगुली पाठदुखीमुळे बाहेर, म्हणून पहिल्या दोन कसोट्यांत तोच कर्णधार) डाव घोषित केला ते, आणि मग रात्रभर तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. ती मालिका आपल्या गोलंदाजांनी जिंकली आणि त्यांना त्याचं श्रेय कधीच नीट मिळालं नाही. म्हणून हा धागा.

थोडं मागे जाऊ. मुलतानच्या आधी भारत पाकिस्तानात २० कसोट्या खेळला होता. ५ हरलो, १५ अनिर्णित, विजय शून्य. १९५४-५५ च्या पाचही अनिर्णित. १९८९ ला चारही अनिर्णित, आणि त्या मालिकेत संजय मांजरेकरने तर ५६९ धावा केल्या होत्या. म्हणजे तिथे धावा करणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. गावसकरने १९७८ ला कराचीत दोन्ही डावांत शतक ठोकलं, तरी ती कसोटी हरलो. नसायचे ते २० बळी. तिथल्या निर्जीव खेळपट्ट्यांवर समोरच्या संघाला दोनदा बाद करणं आपल्याला १९५४-५५ नंतर एकदाही जमलं नव्हतं.

आणि २००४ ला कोण घेऊन गेलो होतो? हरभजन बोटाच्या शस्त्रक्रियेमुळे दौऱ्यावरच नव्हता. श्रीनाथ आदल्या वर्षी निवृत्त झालेला. झहीर मुलताननंतर दुखापतीमुळे बाहेर. नेहराच्या हाताला लागलेलं, तो थेट शेवटच्या कसोटीत परतला. उरले कोण, तर १९ वर्षांचा इरफान पठाण, २२ वर्षांचा लक्ष्मीपती बालाजी आणि ३३ वर्षांचा अनिल कुंबळे, ज्याला परदेशात खेळवायचं की नाही यावर तेव्हा दर मालिकेआधी चर्चा व्हायची.

मुलतानला आपण ५ बाद ६७५ केल्या. पाटा खेळपट्टी. सकलेन मुश्ताकसारख्याने २०० च्या वर धावा देऊन एक बळी घेतला आणि त्यानंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही. त्याच खेळपट्टीवर पठाणने पहिल्या डावात ४ बळी घेतले. यासिर हमीद ९१ वर गेला, इंझमाम ७७ वर. तिसऱ्या दिवसाचा शेवटचा चेंडू आठवतोय ना? सचिन गोलंदाजीला, समोर मोईन खान. दिवस संपला म्हणून मोईन नुसता पाय पुढे टाकून उभा राहतो, चेंडू गुगली निघतो आणि दोन पायांमधून जाऊन यष्टी पाडतो. सचिन ज्या आवेशाने धावत सुटला तसा आवेश मी त्याच्या शतकानंतरही फारसा पाहिला नाही. आदल्याच दिवशी १९४ वर थांबावं लागलेला माणूस हा.

चौथ्या दिवशी सकाळी उरलेला डाव गुंडाळला, फॉलोऑन दिला आणि दिवस संपेपर्यंत दुसऱ्या डावातलेही ९ गेले. कुंबळे ७२ धावांत ६. युसूफ योहाना एकटा उभा राहिला, शतक केलं, दुसऱ्या टोकाला कुणी टिकेना. इंझमाम शून्यावर धावबाद, युवराजची फेक. पाचव्या दिवशी सकाळी थोड्या वेळात खेळ खल्लास. एक डाव आणि ५२ धावा.

आता सांगा, यात सेहवागचं मोठेपण कमी होतं का? अजिबात नाही. २९५ वर असताना सकलेनला पुढे येऊन षटकार मारून त्रिशतक पूर्ण करणं हे त्यालाच शोभतं. पण ६७५ करून अनिर्णित राहिलेल्या कसोट्या खंडीभर असतात. मुलतान अनिर्णित राहिली नाही ती कुंबळे आणि पठाणमुळे.

अंधेरीकर

लेख मनापासून आवडला. पण १९४ चा विषय तुम्ही बाजूला ठेवायला सांगताय तो मी ठेवणार नाही, कारण तो तुमच्याच मुद्द्याशी जोडलेला आहे. द्रविडने डाव घोषित केला तेव्हा दुसऱ्या दिवसाची साधारण १६ षटकं शिल्लक होती. त्या १६ षटकांत आपल्याला एकही बळी मिळाला नाही. आणि सामना संपला पाचव्या दिवशी सकाळी. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस हातात होता. सचिनला अजून दोन षटकं दिली असती तर काय बिघडलं असतं? युवराज ५९ वर बाद झाला आणि त्याच क्षणी हात दाखवून बोलावलं. सचिनने पत्रकार परिषदेत नाराजी लपवली नाही, आणि तो असं सहसा बोलत नाही.

निळी_टोपी

अंधेरीकर, सामना कधी संपणार हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाला माहीत होतं? आज निकाल बघून हिशोब मांडणं सोपं आहे. २० कसोट्यांत एकही विजय नाही, खेळपट्टी पाटा, अशा वेळी कर्णधाराला एकेक षटक मोलाचं वाटणारच. रमेश पोवार मैदानात निरोप घेऊन गेला होता, वेग वाढवा म्हणून. हे सचिनने स्वतःच नंतर लिहिलं आहे.

अंधेरीकर

निरोपाचं त्याने लिहिलंय आणि पुढचंही लिहिलंय. चहापानाला ठरलं होतं त्याच्या आधीच बोलावलं, असं त्याचं म्हणणं आहे. द्रविडबद्दल मला आदर आहेच. पण १९४ वरच्या माणसाला "एवढी षटकं आहेत, बघ" असं स्पष्ट सांगायला हवं होतं. निर्णय बरोबर, निरोप अर्धवट, एवढंच म्हणतो.

स्क्वेअरलेग

अंधेरीकर, हे मान्य. आणि दोघांनी एकमेकांशी बोलून तो विषय तिथेच मिटवला हेही तितकंच खरं. पण त्या १६ षटकांबद्दल एक सांगतो. बळी मिळाला नाही, तरी दीड दिवसाहून जास्त क्षेत्ररक्षण करून थकलेल्या सलामीवीरांना लगेच पॅड बांधून उतरावं लागलं. त्याचा दाब वेगळाच असतो. गोलंदाजांना दिलेली वेळ वाया जात नाही.

आजोबा_सदाशिवपेठ

तुम्ही सगळे २००४ ची गोष्ट करता आहात, मला १९८२-८३ आठवतं. रेडिओ कानाला लावून बसायचो आम्ही. इम्रानने ६ कसोट्यांत ४० बळी घेतले. हैदराबादला मुदस्सर आणि मियांदादने ४५१ ची भागीदारी केली, आमचे गोलंदाज दिवसभर नुसते धावत होते. फैसलाबादला सुनील गावसकर शेवटपर्यंत नाबाद राहिला, १२७, तरी हरलो. तीन कसोट्या हरलो त्या दौऱ्यात.

एक गोष्ट नव्या मंडळींनी लक्षात घ्यावी. तेव्हा पंच त्यांचेच असत. १९७८ ला साहिवालच्या वनडेत सर्फराज नवाज डोक्यावरून उसळते चेंडू टाकत राहिला, पंच एकही वाइड देईनात, शेवटी बेदीने फलंदाजांना परत बोलावून सामना सोडून दिला. जिंकत असलेला सामना! १९८९ च्या मालिकेत त्रयस्थ पंच आले, आणि ते इम्राननेच लावून धरलं होतं हे त्याच्या श्रेयाला. त्यामुळे २० कसोट्यांत विजय नाही याचा सगळा दोष आमच्या गोलंदाजांवर टाकू नका. चंद्रा, बेदी, प्रसन्ना १९७८ ला उताराला लागले होते हे खरं, पण पायचीत मिळणं मुश्कील होतं.

स्क्वेअरलेग

आजोबा, हा मुद्दा फार महत्त्वाचा. कुंबळेसारख्याचं तर सगळं जेवण पायचीतवर. यष्टीच्या रेषेत, वेगात, पॅडवर. त्रयस्थ पंच नसते तर मुलतानचे ६ बळी किती झाले असते कोण जाणे.

गुगली_कोल्हापूर

कुंबळेबद्दल अजून लिहा राव. त्याच्या आधीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला त्याला बसवलं होतं. हरभजनला दुखापत झाली म्हणून ॲडलेडला संधी मिळाली आणि पुढच्या तीन कसोट्यांत गड्याने २४ बळी घेतले. परदेशात चालत नाही म्हणून ज्याच्यावर शिक्का मारला होता त्याने सलग दोन दौऱ्यांत हे केलं. मुलतान आणि पिंडी (रावळपिंडी, शेवटची कसोटी) दोन्हीकडे दुसऱ्या डावात कुंबळेच आहे. पिंडीला ४७ मध्ये ४. सामना संपवायचं काम त्याचं.

आम्ही तालमीच्या बाजूच्या टपरीवर सामने बघायचो. टीव्हीवर दूरदर्शन, पण कोपऱ्यात टेन स्पोर्ट्सचं चिन्ह आणि जाहिरातीही त्यांच्याच. प्रक्षेपणाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता तेव्हा. कोर्टाने आदेश दिला म्हणून केबल नसलेल्या घरांत हा दौरा दिसला.

रानजाई

मला वनडे जास्त आठवतात. १३ मार्च, कराची. आपण ३४९, द्रविड ९९ वर बाद. ते ३४४. त्या वेळी वनडेत दोन्ही संघांच्या मिळून एवढ्या धावा आधी कधीच झाल्या नव्हत्या. इंझमामचे १२२ असे की हा सामना गेलाच असं धरून आई स्वयंपाकघरात निघून गेली.

मग कैफचा तो झेल. शोएब मलिकने उंच मारला, कैफ एका बाजूने जीव खाऊन पळत येतोय, समोरून हेमांग बदानी. दोघांची नजर चेंडूवर. कैफने पूर्ण अंग झोकून पकडला आणि बदानीला घासूनच गेला. दोघे आदळले असते तर काय झालं असतं या विचाराने आजही पोटात गोळा येतो. शेवटच्या षटकात ९ हव्या होत्या, आशिष नेहराने ३ दिल्या. शेवटच्या चेंडूवर षटकार हवा, मोईनने उचलला, झहीरने झेल घेतला. स्क्वेअरलेग, तुमच्या गोलंदाजांच्या यादीत हे षटकही घ्या. ९ धावा वाचवायला नेहराला दिलं होतं, आणि संघातल्या सगळ्यांनी त्या दिवशी मार खाल्ला होता.

आणि कराचीच्या प्रेक्षकांनी उभं राहून आपल्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. हरल्यावर. हे मी डोळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे आणि मला ते विसरता येत नाही.

टोरांटोकर

रानजाई, इथे तो सामना अवेळी दिसत होता. आमच्या ऑफिसमधल्या लाहोरच्या सहकाऱ्याच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. नेहराच्या शेवटच्या षटकात खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. संपल्यावर त्याच्या वडिलांनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, सामना असा व्हायला हवा. पुढे पिंडीची वनडे ते १२ धावांनी जिंकले, सचिनचे १४१ वाया गेले, तेव्हा आम्ही त्यांना मिठाई नेली.

निळी_टोपी

पेशावरलाही हरलो, १-२ ने मागे होतो. लाहोरला चौथ्या वनडेत २९४ चा पाठलाग करताना द्रविड आणि कैफने नाबाद राहून जिंकून दिलं. शेवटच्या वनडेत लक्ष्मणचं शतक, आणि मुरली कार्तिकच्या चेंडूवर इंझमामचा सीमारेषेवर सचिनने घेतलेला झेल. तो झेल सुटला असता तर ती वनडे मालिका आपली नव्हती.

पण स्क्वेअरलेग, तुमच्या मूळ मुद्द्यावर माझा एक आक्षेप आहे. लाहोर कसोटी तुम्ही गाळली. तिथे हिरव्या खेळपट्टीवर नाणेफेक जिंकून आपण फलंदाजी घेतली, उमर गुलने ३१ धावांत ५ काढले, ७ बाद १४७. युवराजचं शतक आणि पठाणचे ४९ नसते तर २८७ पण झाल्या नसत्या. मग आपल्या गोलंदाजांनी काय केलं? पाकिस्तानने ४८९ केल्या. फरहात आणि इंझमाम, दोघांचं शतक. सामना ९ गड्यांनी हरलो. तिथे खेळपट्टीत दम होता तरी आपले गोलंदाज चालले नाहीत. मग मालिका गोलंदाजांनी जिंकली असं कसं म्हणता येईल?

स्क्वेअरलेग

आक्षेप योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

लाहोरला पहिल्या सत्रातला दमटपणा गुलने वापरला. आपण गोलंदाजीला आलो तोवर ऊन लागून खेळपट्टी बसली होती. झहीर नाही, नेहरा नाही, पठाण, बालाजी, आगरकर आणि कुंबळे. निवड आणि नाणेफेक दोन्ही आपल्या विरोधात गेलं असं मी मानतो. नाणेफेक नुसती जिंकून भागत नाही, तिचं काय करायचं ते कळावं लागतं.

आणि त्याचा पुरावा पुढच्याच कसोटीत आहे. रावळपिंडीला गांगुली पाठदुखीतून परतला, नाणेफेक जिंकली आणि गोलंदाजी घेतली. हाच या मालिकेतला सगळ्यात मोठा निर्णय, मुलतानच्या घोषणेपेक्षाही मोठा. पाकिस्तान २२४. बालाजी ६३ धावांत ४. हा पोरगा वनडे मालिकेत त्याच्या हसण्यासाठी आणि शोएब अख्तरला मारलेल्या षटकारासाठी गाजला होता. पिंडीत त्याने टप्पा पुढे ठेवून दोन्हीकडे चेंडू काढला, आणि निर्णायक कसोटीच्या पहिल्याच दिवशी पाकिस्तान मागे पडलं. २२४ वर रोखलं नसतं तर द्रविडचे २७० नुसते विक्रमाच्या पुस्तकात राहिले असते.

गुगली_कोल्हापूर

२७० बद्दल पण दोन ओळी हव्यातच. सेहवाग पहिल्याच चेंडूवर गेला, शोएबच्या. सलामीला पार्थिव पटेल आणला होता, त्याने ६९ केल्या. सचिन १ वर गेला. द्रविड १२ तासांच्या वर उभा होता, ७४० मिनिटं. भारतीय फलंदाजाची तोपर्यंतची सगळ्यात लांब खेळी. लक्ष्मण ७१, गांगुली ७७, युवराजची पण मदत. ६००. ज्याच्यावर १९४ वरून शिव्या पडत होत्या त्याने दोन-अडीच आठवड्यांत असं उत्तर दिलं.

डावखुरा

पाकिस्तानची बाजूही बघा. शोएब पिंडीला गोलंदाजी अर्धवट सोडून बाहेर गेला आणि मग फलंदाजीला येऊन १४ चेंडूंत २८ केल्या. इंझमामने त्याच्या दुखापतीवर उघड शंका घेतली. संघातच विश्वास नव्हता. त्याउलट आपल्याकडे कर्णधार बदलला, प्रमुख गोलंदाज गेले, १९४ सारखा प्रसंग झाला, तरी संघ फुटला नाही. प्रशिक्षक जॉन राइटला याचं श्रेय द्यायला हवं, आणि व्यवस्थापक म्हणून रत्नाकर शेट्टींनाही. निवडणुका तोंडावर, सुरक्षेची धास्ती, दौरा होणार की नाही इथपासून सुरुवात होती.

पठाणबद्दल मात्र मी स्क्वेअरलेगशी शंभर टक्के सहमत. दौऱ्याआधी पाकिस्तानचा तेव्हाचा प्रशिक्षक मियांदाद म्हणाला होता की असे गोलंदाज आमच्याकडे गल्लोगल्ली मिळतात. त्या पोराने तोंडातून शब्द न काढता मालिकाभर चेंडू आत आणला.

आजोबा_सदाशिवपेठ

पिंडीचा शेवटचा बळी कुणी घेतला ते सांगा कुणीतरी.

रानजाई

आजोबा, सचिनने! दानिश कनेरिया, झेल गांगुली. एक डाव १३१ धावा. ज्या माणसाचं द्विशतक राहिलं त्याच्या चेंडूवर मालिका संपली.

निळी_टोपी

स्क्वेअरलेग, पिंडीच्या नाणेफेकीचा मुद्दा पटला. पण मग लगेच पुढचा प्रश्न. दोनच वर्षांनी, २००६ ला, आपण तिथेच गेलो आणि १-० ने हरलो. कुंबळे होता, पठाण होता, झहीर होता. फैसलाबादला पुन्हा धावांचे डोंगर आणि अनिर्णित. गोलंदाज तेच, मग काय बदललं?

स्क्वेअरलेग

निळी टोपी, याचं उत्तर कराचीत आहे. पहिलं षटक, पठाणचे शेवटचे तीन चेंडू, सलमान बट, युनूस, आणि योहाना, जो तोवर मोहम्मद युसूफ झाला होता, तिघेही गेले. कसोटीच्या पहिल्या षटकात हॅटट्रिक आजवर दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. पाकिस्तान ६ बाद ३९. २००४ चे गोलंदाज असते तर असं मी म्हणणार नाही, कारण हेच ते होते. पण तिथून कामरान अकमलने ११३ केल्या आणि ते २४५ वर गेले. उरलेले ४ बळी आम्हाला २०० धावा देऊन मिळाले. त्यांचा वेगवान गोलंदाज मोहम्मद आसिफने मग आपल्याला दाखवलं की त्या खेळपट्टीवर सतत एकाच टप्प्यावर टाकलं की काय होतं. ३४१ धावांनी हरलो.

२००४ ला मुलतानच्या चौथ्या दिवशी आणि पिंडीच्या पहिल्या दिवशी आपण सुरुवात मिळाल्यावर सोडलं नव्हतं. शेपूट वळवळू दिलं नाही. कराचीत सोडलं. फलंदाजीची आकडेवारी काढून बघा, दोन्ही दौऱ्यांत आपल्या फलंदाजांनी भरपूर धावा केल्या आहेत. लाहोरला २००६ मध्ये सेहवाग-द्रविडने सलामीलाच ४१० केल्या, निकाल अनिर्णित.

अंधेरीकर

हे ४१० चं उदाहरण आधी दिलं असतंत तर मी १९४ वर एवढं भांडलोच नसतो. बालाजीवर वेगळा धागा काढा. त्याच्या पाठीच्या दुखापतीने आपलं किती नुकसान झालं यावर कुणी नीट लिहिलेलं नाही, आणि पिंडीचा तो पहिला दिवस चेंडूगणिक लिहिण्यासारखा आहे.